भिंतीपलीकडची माती

माझ्या जावेचं आणि माझं कधी भांडण झालं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे बोलणार आहे त्यात तुम्ही तिची चूक शोधत बसणार नाही. मी शोधून पाहिली आहे. पंधरा वर्षं शोधते आहे. सापडली असती तर माझं निम्मं दुखणं तिथेच बरं झालं असतं.

ती घरातली धाकटी, मी थोरली. मामंजी, म्हणजे आमचे सासरे, आम्हाला याच नावांनी हाक मारतात. मी मात्र मनातल्या मनात तिला 'पसारा' म्हणते. ती दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायची नोकरी करते. सकाळी सातला जाते, चारला येते. दोघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या तेव्हा घरातलं एक दार कायमचं बंद झालं आणि मागच्या बागेत मधोमध कमरेएवढी भिंत आली. अर्धी बाग तिची, अर्धी माझी. मामंजी माझ्या बाजूला राहायला आले. काचबिंदूने त्यांचे डोळे गेले आहेत, उजेड आणि अंधार एवढंच कळतं. त्यांचं जेवण, औषधं, कपडे सगळं मी बघते. निदान एवढ्या बाबतीत तरी मी तिच्या पुढे आहे, असं मी धरून चालले होते.

मी घरी पडदे शिवून देते. मशीन मागच्या खिडकीशी आहे, त्यामुळे माझी नजर शिवणीवर कमी आणि तिच्या वाफ्यांवर जास्त.

मला नीटनेटकेपणा लागतो. हंगाम संपला की टोमॅटोची, घेवड्याची वाळकी झाडं मी मुळासकट उपटते, वाफे झाडून काढते. माझी बाग तेव्हा इस्त्री केल्यासारखी दिसते. धाकटी उपटतच नाही. कात्री घेऊन उकिडवी बसते, झाडं जमिनीलगत कापते, मुळं आतच राहू देते आणि वरचं सगळं वीतभर तुकडे करून तिथल्या तिथे पसरून टाकते. चार बोटं जाड. त्याच्यातच नवी रोपं लावते. एकदा मला राहवलं नाही.

"अगं, हे काय मांडून ठेवलंयस?"

"मातीला पांघरूण घातलंय, वहिनी. ऊन लागत नाही, पाणी टिकतं. मग हळूहळू कुजून त्याची मातीच होते."

"आणि तो कोपऱ्यातला ढीग?"

"ती ठिपके पडलेली, रोगट झाडं. ती नाही घालायची. बी धरलेलं गवतही नाही घालायचं, नाहीतर बसा नंतर उपटत."

मातीला पांघरूण म्हणे! मी घरात आले आणि मशीनवर अशी बसले की दोन पडद्यांच्या दुमडी उलट्या शिवल्या.

राग कशाचा होता, तर ते पांघरूण लागू पडत होतं. मी रोज पाणी घालायची, तरी दुपारपर्यंत माझ्या वाफ्यावर पापुद्रा धरायचा आणि त्याला भेगा जायच्या. ती आठवड्यातून दोनदा घालायची. माझे टोमॅटो लिंबाएवढे, तिचे मुठीत न मावणारे. आणि आमचे हे! भिंतीवरून टोमॅटो घेऊन यायचे आणि कापायला मलाच सांगायचे. वर म्हणायचे, "काय चव आहे गं!" मी सुरी इतक्या जोरात चालवायची की त्यांनी बाहेर जाऊन बसलेलं बरं.

तीन वर्षांपूर्वी कचरागाडीवाल्याने मला सांगितलं, "ताई, झाडझाडोरा गाडीत घेत नाही आम्ही." दारात काकडीच्या वेलांचा आणि घेवड्याचा हा एवढा ढीग. मी इकडेतिकडे बघितलं. दुपारची वेळ, धाकटी कामावर. उचलला ढीग आणि दिला भिंतीपलीकडे फेकून. बाईला कचरा आवडतो ना, घे म्हटलं, हवा तेवढा घे. इतकं मोकळं वाटलं की मी हात धुताना गुणगुणत होते.

चार वाजता खिडकीशी येऊन बसले. आता येईल, बघेल, ओरडेल, मग मीही चार शब्द सुनावेन, बारा वर्षांची तयारी होती. ती आली, ढीग बघितला, आत जाऊन कपडे बदलले आणि कात्री घेऊन बसली. झालं. एक शब्द नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेव्हापासून दर हंगामाला मी माझी झाडं तिच्याकडे फेकत आले आणि दर वेळी तिच्या ओरडण्याची वाट बघत आले.

आता गुलाबाचं सांगते. मामंजी सार्वजनिक बागेत तीस वर्षं माळी होते. निवृत्त झाले त्या दिवशी तिथल्या एका जुन्या गुलाबाची फांदी घेऊन आले आणि पत्र्याच्या पिंपात लावली. पिंप माझ्या मागच्या दाराशी. सकाळी चहा झाला की ते तिथे खुर्ची टाकून बसतात आणि पानापानावरून बोटं फिरवतात. या वर्षी पिंपाचा तळ गंजून गळायला लागला.

"याला आता जमिनीत घालायला हवं," मामंजी म्हणाले. दोघी समोर होतो. "रविवारी तुमची दोघींची माती बघतो. जिची चांगली, तिच्याकडे लावायचा."

पंधरा वर्षं त्यांचं सगळं करते आहे मी, आणि त्यांचा जीव ज्यात अडकला आहे तो गुलाब भिंतीपलीकडे जाणार! टोमॅटो गेले, नवऱ्याची जीभ गेली, आता हेही. धाकटी नुसती "बरं मामंजी" म्हणाली. तिला काय जातंय बरं म्हणायला?

मी गडी बोलावून खड्डा खणून घेतला. त्याने चार घाव घातले आणि विचारलं, "काकू, आधी इथे रस्ता होता का?" मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. निघालेली ढेकळं मोगरीने फोडली, तर त्यांचा भुगा झाला, पण माती काही झाली नाही.

शनिवारी दुपारी मी बादली घेऊन भिंत चढले. वय वर्षं बावन्न, गुडघे दुखतात, साडी एका हातात आणि बादली दुसऱ्या हातात. कोणी बघितलं असतं तर मला तोंड लपवायला जागा उरली नसती. तिच्या वाफ्यावरचा पाचोळा हाताने बाजूला केला. खाली काळी, भुसभुशीत, ओलसर माती. हात मनगटापर्यंत आत गेला, खुरपं लागलंच नाही. गांडुळं सळसळत आत पळाली. आणि तो वास! मी तिथेच बसून राहिले. मग पाचोळ्यात वेलाचा एक अर्धवट कुजलेला तुकडा हाताला लागला. काकडीचा. धाकटीने जन्मात कधी काकडी लावली नाही.

वेल माझा होता. मी तीन वर्षं जे रागारागाने फेकलं होतं, त्यावर ही माती पोसली होती. माझा वाफा झाडून लखलखीत आणि उपाशी, हिचा माझ्याच जिवावर गलेलठ्ठ. रडू यायला हवं होतं, मला संताप आला. माझंच आहे ना, मग मी परत नेते, चोरी कसली त्यात? चार बादल्या नेल्या. खड्डा भरला, वर पाचोळा पसरला, तिचा वाफाही होता तसा झाकून ठेवला.

रविवारी मामंजी आधी तिच्याकडे गेले. खाली बसले, हात घातला, "छान" म्हणाले. मग माझ्याकडे आले. खड्ड्यात हात घातला, मूठभर माती दाबली, सोडली, नाकाशी नेली. मग खड्ड्याच्या कडेला बोटाने टोकरलं आणि पुन्हा आत हात घातला.

"थोरली," ते म्हणाले, "मातीत हात घालावासा वाटतोय बघ. गुलाब इथेच लावू."

या घरात आल्यापासून त्यांनी माझ्या बागेबद्दल एक चांगला शब्द काढला नव्हता. आज काढला, तो तिच्या मातीसाठी. मी धाकटीकडे बघितलं. ती खड्ड्याकडे बघत होती. त्या मातीत तिने कात्रीने कापलेले वीतभर तुकडे होते आणि तिला ते दिसत होते.

"वहिनींकडेच बरा," ती म्हणाली. "मामंजींना हाताशी राहील."

संध्याकाळी ती भिंतीशी आली. हातात एक पुडकं होतं. मी झाडं बांधायला पडद्यांच्या उरलेल्या निळ्या कापडाच्या पट्ट्या वापरते, दुहेरी गाठ मारून. तीन वर्षांच्या पट्ट्या होत्या. धुतलेल्या, आणि एकावर एक अशा घड्या घातलेल्या की एकीचाही काठ बाहेर नव्हता.

"वहिनी, हे कापड कुजत नाही," ती म्हणाली. "म्हणून काढून ठेवलं. पुढच्या वेळी झाडं टाकताना आधी सोडाल का? मला प्रत्येक गाठ सोडत बसावी लागते."

टोमणा असता तर मी तो झेलला असता. पण ती खरंच गाठींबद्दल बोलत होती. आठवडाभर कामावर उभं राहून तिचे पाय सुजले होते. मी पुडकं घेतलं. एवढ्या नीट घड्या मला स्वतःला येत नाहीत, हेही तेव्हाच डोळ्यांत खुपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी गुलाबाशी बसले होते. चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि बोलून टाकलं.

"मामंजी, त्या खड्ड्यातली माती धाकटीची आहे. मी चोरून आणली."

"ठाऊक आहे."

"म्हणजे?"

"कडेला दगड आणि आत लोणी. तीस वर्षं माती चिवडलीय मी, पोरी. डोळे गेलेत, बोटं नाही गेली."

"मग गुलाब माझ्याकडे का लावलात?"

ते कपात फुंकर घालत राहिले. "मी कुठे बसतो?"

मी त्यांच्या खुर्चीकडे बघितलं.

"तुझ्या दारात बसतो. तुझ्या हातचं खातो. मग गुलाब दुसरीकडे कुठे जाणार होता? त्यात ठरवायचं काय होतं?"

"मग माती कशाला बघितलीत?"

"तुझी माती मेलेली आहे गं. त्यात लावला असता तर वर्षभरात गेला असता. म्हटलं, गुलाबासाठी का होईना, जाऊन धाकटीला विचारशील, कसं करतेस म्हणून." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तर तू भिंत चढलीस."

त्या दिवशी माझ्याकडून एकही पडदा शिवून झाला नाही. दुपारी राहिलेला घेवडा कापायला घेतला. आधी पट्ट्या सोडल्या, एकेक गाठ, नखं दुखेपर्यंत. मग झाडं जमिनीलगत कापली. चार वाजता धाकटी आली तेव्हा मी भिंतीशी उभी होते.

"अगं, जरा सांग. किती जाड घालायचं?"

ती कामावरच्या कपड्यांतच भिंतीला टेकली. "चार बोटं. पण बुंध्याला चिकटवू नका, कुजेल. वीतभर लांब ठेवा."

मी पसरत गेले, ती बघत राहिली. माझा घेवडा गुलाबाभोवती अर्ध्यातच संपला. उरलेली जमीन उघडी, पांढरट पडलेली.

"थांबा," ती म्हणाली आणि आपल्या बाजूच्या वाफ्यावरून दोन्ही हातांत मावेल एवढा भारा उचलून घेऊन आली. भिंतीवरून पुढे केला. कापलेले तुकडे सगळे एका मापाचे होते.

माझी जळजळ थांबली असं समजू नका. ते एका मापाचे तुकडेही मला झोंबले. पण गुलाबाला लागणार होते, म्हणून मी हात पुढे केले.