मंजुळाबाईंच्या नावाआधी काय लावायचं?

जयसिंगराव ओव्हाळ चाकणच्या कंपनीत टाइम ऑफिसला होते. रिटायर झाले आणि निगडीतल्या आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी झाले. झाले म्हणजे काय, मीटिंगला चहा प्यायला गेले आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. पण एका गोष्टीनं मात्र त्यांना वेड लावलं. सभासदांची माहिती संगणकातल्या डेटाबेसमध्ये भरायची, पत्र एकच लिहायचं, मेल मर्जचं बटण दाबायचं, की पत्रातल्या रिकाम्या जागी एकेकाचं नाव आपोआप येऊन बसतं. हे होतं कसं? प्रिंटरमधून पान सरकू लागलं की जयसिंगराव वाकून बघत.

"अगं, जाधवांचं आलं बघ!"

"आलं तर येऊ द्या. त्यांना चहा टाकू का?" प्रभावतीबाई आतून विचारत. यांची बायको ती, तिला या जादूचं काडीचं कौतुक नव्हतं.

यंदाचं पत्र मात्र महत्त्वाचं होतं. 'नव्या शेअर सर्टिफिकेटवर आपलं नाव खालीलप्रमाणे छापलं जाईल, दुरुस्ती असल्यास कळवा.' बायकांच्या नावाआधी काय लावायचं, याचा नियम जयसिंगरावांनी संगणकाला शिकवून ठेवला होता. पतीच्या नावाचा रकाना भरलेला असेल तर 'सौ.', रिकामा असेल तर 'श्रीमती'. या हुशारीवर स्वारी भलतीच खूश होती.

पत्रं वाटून होतात न होतात तोच दुसऱ्या मजल्यावरच्या मंजुळाबाई बोऱ्हाडे दारात उभ्या. हाताला पीठ तसंच. बसस्टॉपमागं त्यांचं पोळीभाजी केंद्र आहे. तळवड्याच्या आयटीतली कितीतरी पोरं त्यांच्या पोळ्यांवर जगतात, आणि त्या पोळ्या लाटूनच बाईंनी फ्लॅट घेतला.

"सेक्रेटरी, माझा नवरा कधी मेला?"

जयसिंगरावांचा चहाचा कप हवेतच राहिला. "कोण म्हणालं?"

"तुमीच छापलंय की! श्रीमती! निदान मला तरी कळवायचं. चांगला ठणठणीत हाय त्यो. चाकणला टायरचं दुकान हाय त्याचं."

आता खरं सांगायचं तर या बातमीसाठी अख्खी सोसायटी झुरत होती. बाईंच्या कपाळाला ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र नाही, आणि नवरा कुणी पाहिलेला नाही. तळमजल्यावरच्या सुमनताईंनी एकदा हळदीकुंकवाला खोदून विचारलं, तर बाईंनी त्यांना कणीक कशी भिजवायची ते शिकवून परत पाठवलं.

"मग सौ. करू की, त्यात काय," जयसिंगराव पुढं सरसावले. "फक्त त्यांचं नाव सांगा. रकान्यात भरतो." आत प्रभावतीबाईंनी मिक्सर बंद केला. ऐकू यायला नको?

"त्याचं नाव? माझ्या घराच्या कागदावर? एक खिळा तरी ठोकला का त्यानं हितं? सौ. लावलं की त्यो फुकटात नवरा झाला. न्हाई जमायचं."

"कुमारी?"

"माझी पोरगी बाळंतपणाला यायचीय, आन् मी कुमारी?"

"बरं बाई, काहीच नको." जयसिंगरावांनी बटण दाबलं. दोघंही प्रिंटरवर वाकले. रकाना रिकामा, नियम पक्का. 'श्रीमती.' पुन्हा दाबलं. पुन्हा 'श्रीमती.'

"हे आमच्या सासूवानी हाय," मंजुळाबाई म्हणाल्या. "एकदा डोक्यात घेतलं की घेतलं." मग त्यांचा आवाज उतरला. "सेक्रेटरी, माझ्या मागं ह्यो कागद पोरीच्या हातात जाणार. घर कुणाचं, ते तिला त्यात दिसाया पायजे."

जयसिंगरावांनी चष्मा काढला. "लोक तुम्हाला काय म्हणतात?"

"लोक? गॅसवाला येतो, मीटरवाला येतो, सगळ्यांचं एकच. 'मालक हायत का?' आमच्याकडं नवऱ्यालाच मालक म्हणत्यात ना. मी म्हनते, बोल, मीच मालक."

म्हणाल्या, आणि पिठाचं बोट त्यांनी संगणकाकडं केलं.

जयसिंगरावांनी नियमाला बाजूला सारलं आणि श्री., सौ., श्रीमती या यादीखाली चौथा शब्द घातला. पान सरकत आलं. 'मालक मंजुळाबाई बोऱ्हाडे.' बाईंनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं, पदराला हात पुसले आणि मगच कागद हातात घेतला. सरकारी कचेरीत हे चालेल का, जयसिंगरावांना ठाऊक नव्हतं. कुणी हरकत घेतलीच, तर मंजुळाबाईंनाच पुढं करायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

संध्याकाळी सुमनताई आल्या. "नवरा आहे हो माझा. घरातच आहे, सोफ्यावर. पण ते चौथं मला लावता येईल का?" त्यांच्या मागं जिन्यात आणखी दोघी उभ्या.

जयसिंगराव खो खो हसले आणि बायकोकडं वळले. ती आपल्या घरचं पत्र हातात घेऊनच उभी होती. 'श्री. जयसिंग व सौ. प्रभावती ओव्हाळ.'

"अगं, पण मी आहे ना!"

"आहात की. तुमचं 'श्री.' कुणी काढतंय का?"

जयसिंगरावांनी निमूटपणे रकाना उघडला.