मंगलताईंच्या शेतातल्या भिंती

चहा आधी संपवा, मग सांगतो. मागे हा किस्सा ऐकताना माझ्या साडूला ठसका लागला आणि त्याचंही खापर माझ्यावरच फुटलं. माझी कशी शोभा झाली, हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतोय; तेव्हा निदान मध्ये खिदळू नका.

माझा धंदा तुम्हाला माहीत आहे. म्हणजे नाहीच, पण विचारून विचारून तुम्ही दमलात. जुन्या वस्तीची माती तपासायची, खापराला चिकटलेलं तेलतूप ओळखायचं आणि न खणता जमिनीखाली काय दडलंय ते यंत्राने पाहायचं. रसायनशास्त्रवाले म्हणतात, हा खापरं गोळा करतो. पुरातत्त्ववाले म्हणतात, हा यंत्र उचलणारा. आणि इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत तर मी हाडांचा डॉक्टर आहे. लोक येऊन गुडघे दाखवून जातात.

अशा जगात राहून माणूस तुसडा होणार नाही तर काय होणार? मी झालो. त्यातही अंधश्रद्धा म्हटली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला पूजेला निघालेल्या गाड्यांची रांग दिसली की मी शेजारच्याला ऐकू जाईल असं हसायचो. वाचनालयात व्याख्यानं द्यायचो. ग्रहांना तुमच्या बढतीशी काही देणंघेणं नाही, हे माझं टाळ्यांचं वाक्य होतं.

तर त्याच रस्त्याने आत गेलं की एक गाव आहे. तिथे मंगलताईंचं गुलाबाचं शेत. शेजारच्या मोकळ्या तुकड्यात त्यांना शेततळं खणायचं होतं. पावसाआधी तळं झालं तर ते भरणार. नाही झालं तर पुढच्या उन्हाळ्यात विहीर तळ दाखवणार आणि गुलाब उभ्याउभ्या वाळणार. पण नांगरताना जुनी खापरं निघाली आणि पुरातत्त्व खात्याने काम अडवलं. खाली काही नाही असं आम्ही तपासून लिहून दिलं की त्या मोकळ्या.

"जेसीबीवाला ठरवून ठेवलाय," त्या म्हणाल्या. "तुमचं तेवढं उरका सर. पाऊस काय तुमच्या साहेबाला विचारून येत नाय."

आमचं यंत्र जमिनीतल्या चुंबकत्वातला बारीक फरक टिपतं. पुरलेली भिंत, जुनी भट्टी, सगळं नकाशावर उमटतं. अट एकच. यंत्र घेऊन चालणाऱ्याच्या अंगावर लोखंडाचा कण नको. या अटीपुरता मी कर्दनकाळ. माझी सहकारी भारती, भूभौतिकीतली, वयाने लहान आणि दुर्दैवाने हुशार. तिच्या केसांतल्या पिना मी मोजून काढायला लावल्या. मंगलताईंचे सासरे, आबा, हातात विळा घेऊन बांधावर आले, तर त्यांना त्यांच्याच शेतातून हाकललं.

मग मी यंत्र उचललं आणि त्या तुकड्यात येरझाऱ्या घातल्या. संध्याकाळी नकाशा उघडला आणि माझे डोळेच दिपले. भिंती! सरळ, समांतर, सारख्या अंतरावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"सर, या जरा जास्तच सरळ नाहीत का?" भारती म्हणाली.

"प्राचीन माणसाला सरळ रेघ ओढता येत नव्हती, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

मातीही तपासली. माणसं राहून गेली की मातीत फॉस्फेट वाढतं, आणि इथे ते भरपूर होतं. भारती म्हणाली, खतानेही वाढतं, शेजारी गुलाब आहेत. मी तिच्याकडे, तुम्ही आता माझ्याकडे बघताय तसं बघितलं.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या शेतात चाललो. तिथेही भिंती. गावच्या मैदानात चाललो, तिथेही. मग मागच्या टेकडीवर गेलो, जिथे मातीच नाही, नुसता उघडा कातळ. कातळातही भिंती! इथे कुणाही शहाण्या माणसाला शंका आली असती. मी त्याला तटबंदी म्हटलं. आपल्या नाशिकच्या उशाला एक अख्खं नगर झोपलंय आणि ते मला सापडलंय, या विचाराने मला रात्री झोप लागेना. आयुष्यभर हिणवणाऱ्या एकेकाचं तोंड डोळ्यांपुढे येत होतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं.

मंगलताईंना मी सांगून टाकलं, "खणायचं नाही. तुमचं तळं एका बाजूला आणि इतिहास एका बाजूला."

"इतिहास गुलाबाला पाणी घालणार हाय का?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज कापत होता. मला तो अडाणीपणा वाटला.

भारतीने मात्र न विचारता तोच तुकडा स्वतः चालून काढला. तिचा नकाशा कोरा. मी म्हटलं, तुमची पिन राहिली असणार. तिने डोकं झटकून दाखवलं आणि पुन्हा चालली. पुन्हा कोरा. मी चाललो. नगर हजर!

बांधावरून आबा हे सगळं बघत होते. त्यांनी टोपी काढली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "सर, तुम्ही पायाळू तर नाय?"

पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. त्याला जमिनीखालचं पाणी आणि पुरलेलं धन दिसतं, अशी समजूत. मी जो भडकलो म्हणता! विज्ञान, तर्क, पुरावा, सगळं वाचनालय त्यांच्या अंगावर रिकामं केलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गावात जाऊन सांगितलं, पायाळू हाय, पण कबूल करत नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात जत्रा. कुणाला बोअर कुठे मारू विचारायचं होतं, कुणाला आज्याने पुरलेला हंडा हवा होता. मी पुन्हा व्याख्यान सुरू केलं. अंधश्रद्धा हा समाजाचा रोग आहे, या वाक्याला पोचलो तेव्हा खाली एक बाई माझ्या पायांवर हळदकुंकू वाहत होती.

गर्दीतून मंगलताई पुढे आल्या. "सर, मला एक सांगा. ही मॅडम चालली तर भिंती नायत. तुम्ही चालले की हायेत. मग भिंती माझ्या जमिनीत हायेत का तुमच्यात?"

भारतीने यंत्र खाली उभं केलं. म्हणाली, "सर, आता यंत्र हलणार नाही. तुम्ही त्याच्याजवळून जा."

मी गेलो. यंत्रावरचा आकडा उसळला. खिसे रिकामे केले. पुन्हा गेलो, पुन्हा उसळला. पट्टा मी घालतच नाही, बूट साधे कापडी. तिने यंत्राचं टोक माझ्या खांद्यापासून सावकाश खाली आणलं. कमरेपाशी आकडा नुसता थयथयाट करू लागला.

आणि मला आठवलं.

हसू नका. माझी बढती दोन-तीनदा हुकली तेव्हा मी मातीचे नमुने आणायला जातो असं घरी सांगून त्र्यंबकला एका ज्योतिषाकडे गेलो होतो. साडेसाती निघाली. त्याने काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी दिली. लोखंडाची, अस्सल! बोटात घातली असती तर वाचनालयात काय तोंड दाखवलं असतं? म्हणून ओवली करदोट्यात, शर्टाच्या आत. करदोटा अंगावर आहे हे कुठल्या माणसाच्या लक्षात राहतं? जाताना अंगठीने आकडा चढवला, येताना उतरवला, आणि माझ्या येरझाऱ्यांचे पट्टे म्हणजे माझं नगर.

"पोटात ऑपरेशनची क्लिप आहे," मी ठोकून दिलं.

"मग तसं अहवालात लिहावं लागेल," भारती म्हणाली. "यापुढे तुम्हाला यंत्र हातात घेता येणार नाही."

मंगलताई माझ्याकडे बघत होत्या. क्लिप म्हणावं तर धंदा बुडतो. गप्प बसावं तर त्या बाईचं तळं बुडतं. खरं सांगावं तर मी बुडतो. मी शेडनेटच्या मागे गेलो, करदोटा सोडला, अंगठी मुठीत घेऊन आलो आणि सगळ्यांसमोर भारतीच्या हातावर ठेवली. मग तो तुकडा पुन्हा चाललो. नकाशा कोरा. त्यातला एक पट्टाही शिल्लक नव्हता.

तिथल्या तिथे सही करून दिली. मंगलताईंनी लगेच जेसीबीवाल्याला फोन लावला आणि बोलता बोलता पदराने डोळे पुसले. गर्दी पांगली. कुणी आपला नारळ उचलून परत घेऊन गेलं.

आबांनी अंगठी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"साडेसातीची ना?"

"हो."

"आमच्यात ही बोटात घालत्यात, सर," ते म्हणाले. "चारचौघांना दिसंल अशी."

परतताना गाडीत भारतीने आबांकडून परत घेतलेली अंगठी माझ्यापुढे धरली. "सर, ही आता टाकून देणार ना?"

"अर्थात टाकणार," मी म्हटलं आणि अंगठी खिशात घातली. "साडेसाती तेवढी संपू द्या."