आत्या आणि छतावरची वीज

सही करण्यापूर्वी आत्या हात धूत असत. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या औषध कारखान्यात डोळ्यांत घालायचे थेंब तयार होत, आणि गुणवत्ता विभागाच्या प्रमुख म्हणून आत्यांची सही झाल्याशिवाय एकही बाटली फाटकाबाहेर पडत नसे. कोपरापर्यंत साबण लावून, हात नीट कोरडे करून मगच त्या पेन उचलत. कारखान्याचा कायदेविषयक सल्लागार या नात्याने मी दर आठवड्याला इंदापूरहून तेथे जात असे. कागदावर सही करायला एवढे सोवळे कशाला, असे मी एकदा विचारले. आत्या म्हणाल्या, "वकीलसाहेब, ही सही कुणाच्या तरी डोळ्यात जाणार हाय."

त्या मूळच्या अंथुर्ण्याच्या. औषधनिर्माणशास्त्राची पदवी पुण्यात घेतली, पण बोली गावाकडचीच ठेवली. झाडूवाल्यापासून मालकांपर्यंत सगळे त्यांना आत्याच म्हणत. मीही त्यांच्याहून बराच वडील असून आत्याबाई म्हणू लागलो. पती तरुणपणीच वारले होते, एवढेच मला ठाऊक होते. माझ्या पत्रलेखनाची त्या मनमुराद थट्टा करीत. वीज कार्यालय, नगरपालिका, एस.टी. आगार, यांपैकी कोणालाही मी कधी सोडले नाही. "तुमचं पत्र फोडायच्या आधी साहेब लोक पाकीट चाचपून बघत असत्याल," त्या म्हणत, "गरम लागतंय का म्हणून!"

मालकांनी कारखान्याच्या छतावर सौर पॅनेल बसवले, तेव्हा गुरुजींना बोलावून पूजा झाली, पेढे वाटले गेले. बाटल्या भरण्याची खोली निर्जंतुक ठेवायची तर तिथली गाळलेली हवा क्षणभरही थांबता कामा नये, आणि आमच्याकडची वीज तर केव्हाही जाणारी. आता सूर्यच आपल्या छतावर नोकरीला राहिला, असे मालक भाषणात म्हणाले. आम्हा सर्वांचीच तशी समजूत होती. पुढे एका भर दुपारी बाहेरची लाइन गेली आणि लखलखत्या उन्हात छतावरची वीजही बंद पडली. जनरेटर सुरू होईपर्यंत खोलीतली हवा थांबली. भरत असलेला सगळा माल आत्यांनी बाद केला.

"अहो, दोन मिनिटांत काय बिघडतं?" मालक कळवळून म्हणाले.

"बिघडलं का न्हाय, ते आपल्याला दिसत न्हाय. म्हणूनच बाद," आत्या म्हणाल्या.

हे पुन्हा पुन्हा होऊ लागले. पॅनेल बसवणाऱ्या ठेकेदाराला जाब विचारला, तेव्हा उलगडा झाला की बाहेरची लाइन गेली की पॅनेलनीही बंद पडावे असा नियमच आहे. माझा पारा चढला. स्वतःच्या छतावरचे ऊन स्वतःला वापरू न देणारा नियम! मालकांच्या वतीने मी वीज कंपनीविरुद्ध सविस्तर अर्ज तयार केला. नैसर्गिक न्यायाची पायमल्ली, मालमत्तेच्या हक्कावर अतिक्रमण, काहीही बाकी ठेवले नाही. मोठ्या अभिमानाने तो मी आत्यांना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकला.

"झ्याक लिवलाय," त्या म्हणाल्या. "पण वकीलसाहेब, ह्यात खांबावरचा माणूस कुठं हाय?"

मग त्यांनी सांगितले. त्यांचे पती वायरमन होते. लाइन बंद असल्याची खात्री करून ते खांबावर चढले होते. जवळच एका लग्नाच्या मांडवात जनरेटर लावला होता, आणि तो जोडणाऱ्याने बाहेरची लाइन तोडलीच नव्हती. मांडवातली वीज उलटी तारेत शिरली. "अक्षता पडत हुत्या तितं," आत्या म्हणाल्या, "आन् हितं ह्यांना खाली उतरवत हुते. कुणाचाच गुन्हा न्हाय निघाला. आपलं छप्पर म्हंजे त्या जनरेटरापेक्षा केवढं मोठं! ह्यो नियम ह्यांच्यासारख्यांसाठी हाय. त्याला हात लावू नका."

तो अर्ज गेला नाही. त्याऐवजी मी मालकांना पत्र लिहिले: बाहेरची लाइन आधी पूर्ण तोडून मगच कारखान्याला वीज देणारी बॅटरीची व्यवस्था बसवावी, तोच एक कायदेशीर मार्ग आहे. मालक म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. आणि एका साप्ताहिक सुटीच्या दिवशी त्यांनी कोणा खासगी इलेक्ट्रिशियनला बोलावून, लाइन गेली की पॅनेल बंद पाडणारी यंत्रणाच गुपचूप निकामी करून घेतली. आत्यांना कळवले नाही. मलाही नाही.

त्यानंतर पहिल्यांदाच लाइन गेली, तेव्हा दिवे एकदा लुकलुकले आणि पुन्हा लागले. बाटल्या भरणे चालूच राहिले. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. आत्या प्रयोगशाळेत होत्या. दिवे कसे टिकले हे त्यांच्या क्षणात ध्यानात आले, आणि खिडकीतून त्यांना रस्त्याकडेच्या खांबाला शिडी लावणारा वायरमन दिसला. त्या धावत स्विचच्या खोलीत गेल्या आणि कारखान्याचा मुख्य स्विच त्यांनी स्वतःच्या हाताने खाली ओढला. सगळीकडे अंधार झाला. हवा थांबली. पाठोपाठ आलेले मालक ओरडले, "आत्या, आख्खा माल गेला!"

"जाऊ द्या," त्या धापा टाकीत म्हणाल्या. "माल परत भरता येतोय."

बाहेर खांबावरचा तरुण आपले काम उरकून, शिडी खांद्यावर टाकून निघून गेला. त्याला यातले काहीही कळले नाही.

आत्यांवर बेजबाबदारपणाचा आरोप ठेवून त्यांना कामावरून कमी करण्यात आले. नियम मोडणारा खुर्चीवर आणि पाळणारी फाटकाबाहेर! मी त्याच दिवशी राजीनामा दिला आणि दावा दाखल करण्याची तयारी केली. पण कामगार कायदा उघडून बसलो तर प्रमुख पदावरची व्यक्ती त्याच्या व्याख्येत 'कामगार' ठरतच नाही. मग दिवाणी दावा लावू, म्हणून अंथुर्ण्याला गेलो. आत्या अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. "बसा, च्या टाकते," एवढेच म्हणाल्या. मी फारच तावातावाने बोलू लागलो, तेव्हा म्हणाल्या, "ज्या घरात सही करायची तितं भांडून कसं शिरू? तुमी फकस्त एक करा. ती जोडणी काढून टाकायला लावा."

ते मी करवून घेतले. त्यासाठी किती कार्यालयांशी भांडलो ते येथे सांगत नाही. बॅटऱ्या बसल्या. ते सांगायला मी पुन्हा अंथुर्ण्याला जाणार होतो, तोच त्यांच्या पुतण्याचा फोन आला. सकाळी चहा घेता घेताच त्या गेल्या होत्या.

दहाव्याहून परतताना मला राहवेना. वाट वाकडी करून मी बारामतीच्या वीज कार्यालयात गेलो आणि चौकशी करून त्या वायरमनला गाठले. चोविशी-पंचविशीचा पोरगा. त्या दिवशी काय घडले, ते मी त्याला पहिल्यापासून सांगितले. ऐकता ऐकता तो जवळच्या बाकावर बसला.

"मला कुनीच बोललं न्हाय, आबा," तो म्हणाला. मग एकदम उठला, गाडीची किल्ली काढली. "चला की, आत्ताच जाऊ. वाटंत आईला पण घिऊ संगं, तिला त्यांच्या पाया पडू द्या. कुठं असत्यात त्या?"

"अंथुर्ण्याला," मी म्हणालो, आणि पुढचे वाक्य मला जुळवता येईना.