त्रेचाळीस सागर

जेवण अंगावर येतं आणि हेरंब फ्लेक्सच्या दुकानात कीबोर्डवर बोटं ठेवूनच पेंगतो. पडद्यावर इंदूमावशीचा फोटो, खाली रिकामी जागा. उद्याच्या वर्षश्राद्धाची जाहिरात चारच्या आत पेपरकडे जायची आहे. मजकुराची चिंता नाही. 'मायेचा सागर, वात्सल्याचा झरा' ही चारोळी त्याने एकदाच रचली आणि तीन वर्षांत गावातल्या बेचाळीस मृतांना नाव बदलून लावली. मावशी त्रेचाळिसावी.

"तीच डकवणार ना रे?"

काउंटरपलीकडे इंदूमावशी उभी आहे. छातीपर्यंतच. फोटो जिथे कापला, तिथे ती संपते.

"मावशी, तू गेलीस ना?"

"ते मला नको सांगूस. चल."

काउंटरचा एसटी स्टँडवरचा बाक झालेला आहे. ओळीने माणसं बसलीत, सगळी छातीपर्यंतच. भोंगा विचारतो, "मायेचा सागर कोण?" झाडून सगळे उभे राहतात. त्यात एक पैलवान आहे. भोंगा वैतागून बंद होतो.

"इथे नावाने बोलवत नाहीत," मावशी सांगते. "घरच्यांनी ज्या ओळीत आठवण काढली, ती ओळ पुकारतात. मग वर्षातून एक दिवस घरी जाता येतं. हे सगळे तुझ्यामुळे अडकलेत."

पैलवान हेरंबला न्याहाळतो. "हाच का तो कवी?"

कवी म्हणवून घ्यायची हौस हेरंबला आयुष्यभर होती. ती तिथल्या तिथे फिटते.

"मला उद्या तुझ्या काकांना बघायचंय," मावशी म्हणते. "माझी अशी एक ओळ दे."

हेरंब आठवू लागतो. सात वर्षं तिच्या घरी राहून शिकला. माया आठवते. वात्सल्य आठवतं. पुढे काहीच नाही.

"भात," तो कसाबसा म्हणतो. "तुझा भात कायम गिचका व्हायचा."

कुकरची शिट्टी होते. स्टँड नाही, मावशीचं स्वयंपाकघर आहे. ती ओट्यावर वही ठेवून लिहितेय.

"शिट्टीला एक ओळ. तीन शिट्ट्यांत भात होतो, कविता होत नाही. चौथी ओळ सुचेपर्यंत गॅस बंद करवायचा नाही."

"काकांना माहीत होतं?"

"ते म्हणायचे, हिला साधा भात जमत नाही. मी म्हटलं, म्हणू देत. कविता करते म्हणण्यापेक्षा ते बरं दिसतं."

चौथी शिट्टी होते.

हेरंब दचकून जागा होतो. फोटोखाली एक ओळ टाइप झालेली आहे: 'चौथी ओळ सुचेपर्यंत गॅस बंद न करणारी.' बोटं त्याची आहेत. ओळ त्याची नाही.

तो काकांना फोन लावतो, ओळ वाचून दाखवतो आणि भोंग्यापासून पैलवानापर्यंत सगळं सांगून टाकतो.

"उद्या मला बँकेत जायचं होतं," काका म्हणतात. "नाही जात. घरीच थांबतो. तू छाप."