बोहड दरवाज्यापुढचा वड

किसन पेंटरने मुलतान शहर कधी पाहिलं नव्हतं. नाशिकच्या पलीकडे तो गेलेलाच नव्हता. तरी उल्हासनगरच्या मुलतानी पंचायतीच्या हॉलची मागची भिंत त्याने त्रेचाळीस वर्षं रंगवली, आणि त्या भिंतीवर अख्खं मुलतान होतं. जुना किल्ला, रुक्न-ए-आलमच्या दर्ग्याचा पांढरा घुमट, त्याखालच्या निळ्या फरशा, घंटाघर, हुसेन आगाही बाजार आणि बोहड दरवाजा.

प्रल्हाद आपल्याच गावचा, असं मुलतानी माणसं मानतात. म्हणून दरवर्षी होळीच्या आधी ती भिंत नवी करायची रीत. किसन अंबरनाथ पश्चिमेहून डबे-ब्रश घेऊन यायचा आणि फाळणीत मुलतानहून आलेले म्हातारे समोर खुर्च्या टाकून बसायचे. मग काय विचारता! एक म्हणे घुमट बुटका झाला, दुसरा म्हणे हलवायाचं दुकान उजवीकडे. किसन पुसायचा, पुन्हा काढायचा. भांडता भांडता एखादा म्हातारा रडायला लागे, आणि किसन हात थांबवून बघत बसे.

त्याला ते रडणं कळायचं नाही. त्याचे आजोबा गावच्या वेशीबाहेर राहिलेले. बाप छप्पन सालच्या दीक्षेनंतर गाव सोडून कारखान्यात लागला, त्याने मागे वळून पाहिलं नाही. वेस म्हटली की घरात सगळ्यांच्या कपाळाला आठी पडायची. आणि इथे माणसं एका दरवाज्यासाठी डोळे पुसत होती. किसनला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोला!

खरा तंटा होता वडाचा. बोहड म्हणजे वड, दरवाज्याला नाव त्याचंच. म्हातारे म्हणत, झाड आमच्या जन्माआधीच गेलं. त्यांच्यातली सगळ्यांत लहान लाजवंतीमासी मात्र हटून बसायची. "था! मैं झूली हूँ उस पे."

"तू तब पाँच साल की थी," म्हणून म्हातारे तिला उडवून लावत. किसन तिच्या हट्टाखातर वड काढी आणि दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यांच्या हुकुमावरून त्यावर आकाश फासी. असे बेचाळीस वड त्याने काढले, बेचाळीस मिटवले.

म्हातारे एकेक करून गेले. गेल्या होळीला एकच खुर्ची उरली, मासीची. हॉल पाडून तिथे टॉवर व्हायचा होता, म्हणजे ही शेवटचीच रंगवणी. पंचायतीचा चिटणीस कमलेश मोबाइल नाचवत म्हणाला, "काका, नवीन हॉलमध्ये फ्लेक्स लावू. नेटवर एकदम ओरिजिनल फोटो मिळतात." फ्लेक्सने किसनचा धंदा कधीच खाल्ला होता. आता मुलतानही खाणार होता.

कमलेश गेल्यावर किसन म्हणाला, "मासी, आता अडवणारं कोणी नाही. असा वड काढतो, पारंब्या जमिनीला टेकतील."

मासी ओढणीचं टोक चुरगाळत म्हणाली, "झाड नव्हतं रे, किसन. मला काहीच आठवत नाही. सगळ्यांकडे काही ना काही होतं, कोणाची गल्ली, कोणाचं दुकान. मेरे पास कुछ नहीं था, तो मैंने झाड ले लिया."

चाळीस वर्षं भांडलेली ही बाई! हसावं की रडावं, किसनला कळेना. त्याला एकदम बाप आठवला. पोरांना सांगायला गावातून एक झाडसुद्धा त्याने आणलं नव्हतं. किसन हिरवा रंग कालवायला बसला.

तीन दिवस त्याने वड काढला. झोका काढला, झोक्यावर लाल सलवारीतली पोर बसवली. मासी रोज येऊन बघायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तिच्या पायात चप्पल नको घालू. मला चप्पल नव्हती. एवढं मात्र आठवतं."

श्रावणात मासी गेली. दिवाळीनंतर हॉल पाडायला मशीन आलं. किसन डबे न घेता, नुसताच आला. छत आधीच उतरवलं होतं आणि भिंतीवरच्या मुलतानवर ऊन पडलं होतं. फ्लेक्सवर नेटच्या फोटोंसोबत लावायला कमलेश घाईघाईने भिंतीचेही फोटो काढत होता. वडापाशी येऊन तो थांबला.

"काका, हे झाड खरंच होतं काय? नेटवर तर कुठेच दिसत नाही."

सांगायला आता दुसरं कोणी उरलं नव्हतं. किसनने झोक्यावरच्या अनवाणी पोरीकडे पाहिलं.

"होतं," तो म्हणाला. "मी पाहिलंय."