बर्फासाठी घेतलेला कौल

तुळजापूरच्या देवळात चिंतामणी आहे. गोल दगड. त्यावर दोन्ही तळहात टेकवायचे आणि मनात प्रश्न विचारायचा. उजवीकडे फिरला तर होकार, डावीकडे फिरला तर नकार, हललाच नाही तर थांबा. माझी देवीवर श्रद्धा होती, आजही आहे. पण हिमाचलातल्या एका तळ्याच्या वाटेवर बर्फ कसा असेल, हे ज्या माणसानं तुळजापुरात बसून दगडाला विचारलं, त्याचा राग माझ्या मनातून अजून उतरलेला नाही.

तो माणूस म्हणजे माझे थोरले दीर. देवळाजवळ त्यांचा लॉज आहे. गावोगावच्या यात्रेकरूंना चार गोष्टी सांगायची त्यांना सवय, ऐकून घ्यायची नाही. दिवाळी झाली की डोंगरातलं तळं बघायला जायचं, असं त्यांनी परस्पर ठरवलं. ते, जाऊबाई, माझे यजमान आणि मी. कुणा पोरानं काढलेला एक व्हिडिओ ते येईल त्याला दाखवत होते. त्यात निळंशार तळं, काठाला हिरवं गवत, चरणाऱ्या मेंढ्या.

मी म्हटलं, "भाऊजी, मेंढ्या चरतायत म्हणजे हा पावसाळ्यातला हाय. आता तिथं बर्फ पडाय लागला असंल."

त्यांनी मोबाइल खिशात घातला. मग मी मुद्द्याचं सांगितलं. यजमानांना बरीच वर्षं साखरेचा आजार आहे, पायाच्या बोटांना काही कळत नाही. एकदा काच रुतली होती, ती मला फरशीवरच्या रक्तावरून समजली. डॉक्टरांनी बजावलंय, पाय ओला राहू द्यायचा नाही, गारठू द्यायचा नाही.

"साखर आजकाल कुणाला न्हाय?" दीर म्हणाले. "चालल्यानं उतरती."

यजमान शेजारीच बसले होते. पेपर वाचत होते. घरी आल्यावर मी विचारलं, तुम्ही का नाही बोललात, तर म्हणे, "दादांना कशाला उगं दुखवायचं?" पन्नाशी उलटली तरी थोरल्या भावापुढं तोंड उघडायचं नाही, हे यांचं बाळकडू. दुसऱ्या दिवशी दीर देवळातून आले आणि दारातूनच म्हणाले, "चिंतामणी उजवीकडं फिरला. विषय संपला."

डोंगराखालच्या गावात पोचलो, तर आदल्या रात्रीच बर्फ पडून गेला होता. बरोबर घेतलेला वाटाड्या म्हणाला, "नई बर्फ है, आप लोग देख लो." मला त्याचाही राग आला. ज्याचा जन्म तिथं गेला तो म्हणतोय तुम्ही बघा, आणि आम्ही आलोय तुळजापुरातून! दीर मात्र खूश झाले. बघा, नको म्हणत नाही तोही.

झाडं होती तोवर वाट बरी होती. झाडं संपली आणि पुढं सगळं पांढरं. उन्हात डोळे दिपत होते. सगळे फोटो काढायला लागले. मी काठी घेऊन पुढं झाले.

मी तामलवाडीची, शेतकऱ्याच्या घरातली. पाऊस उघडल्यावर काळं रान वरून सुकलेलं दिसतं, पण पाय टाकला की घोटा आत जातो, हे आमच्याकडं पोरासोरांनाही ठाऊक असतं. म्हणून पेरणीआधी वाफसा बघतात. मूठभर माती दाबायची, ती चिकटते की भुगा होते ते पाहायचं, मगच रानात शिरायचं. मी तेच केलं. काठी रोवली, तर वरची खपली मोडली आणि काठी सुळकन खाली जाऊन दगडावर आपटली. जरा बाजूला रोवली, तिथं दगड लागलाच नाही आणि खालून पाण्याचा आवाज आला. मूठभर बर्फ दाबला तर बोटांमधून पाणी ठिबकलं. हंगामाचा पहिलाच बर्फ, खाली थर बसलेला नाही, ओढा वाहताच आहे. गोधडी अंथरावी तसा नुसता धोंड्यांवरून पसरलेला. ऊन चढलं की आणखी मऊ होणार.

"भाऊजी, इथनं मागं फिरू," मी म्हटलं. "वरून खपली हाय, खाली पोकळ. पाय आत जाणार, भिजणार. ह्यांना ते चालायचं न्हाय."

"अगं, हे काय तुझ्या बापाचं रान हाय का वाफसा बघायला? आईनं कौल दिलाय."

"कौल देवळात दिलाय. बर्फ इथं हाय."

जाऊबाई आपल्या बुटांकडं बघत राहिल्या. वाटाड्या आकाशाकडं. मी यजमानांकडं पाहिलं, तर ते म्हणाले, "जाऊ या की. दादा म्हणतायत तर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हे निघालेही, दादांच्या पावलांत पाऊल टाकत. थोडं पुढं गेले आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत दोन धोंड्यांमध्ये गेला. ओढून काढला तेव्हा बुटातून पाणी गळत होतं, आणि हे हसत होते. "काय न्हाय झालं, दुखलं बी न्हाय." पुढं चालायलाही लागले. मी गाठेपर्यंत बरंच अंतर गेले होते. हाताला धरून त्यांना खडकावर बसवलं आणि बूट ओढून काढला. मोजा रक्तानं भरलेला. अंगठा चुन्यासारखा पांढरा. मी तो दाबला.

"कळतंय का?"

"न्हाय."

दीर वरच्या उताराकडं बघत म्हणाले, "तळं ह्याच्या पलीकडंच असंल."

मग मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. इतक्या वर्षांत थोरल्या दिरापुढं मी आवाज चढवला नव्हता, तो त्या डोंगरात सगळा चढवला. ओढणी फाडून पाय बांधला आणि यांना घेऊन खाली उतरले. तळं कुणीच पाहिलं नाही.

घरी येईतो अंगठा काळा पडला होता. सोलापूरला नेलं. काढावा लागला.

घरी आणल्यावर भावकीतली माणसं विचारपूस करायला आली. पाय उशीवर ठेवून हे पलंगावर, समोर खुर्चीत दीर. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते, तेव्हा त्यांचा आवाज आला. "जिवावरचं बोटावर निभावलं. आईचा कौल खोटा न्हाय जात."

मग यांचा आवाज आला. दादांपुढं, उभ्या जन्मात पहिल्यांदा.

"दादा, तुम्ही चिंतामणीला विचारलंत. मला कुठं विचारलंत?"

"मग तू बोलायचं हुतंस की! तोंड शिवलं हुतं का तुझं?"

मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. हे पट्टीकडं बघत होते.

"मी बोलले हुते, भाऊजी," मी म्हटलं. "तुम्ही मोबाइल खिशात घातला तवा. आणि परत बर्फात उभं राहून."

आणि कुणालाही कप न देता सगळा चहा तसाच आत नेला.