लॉनच्या ट्रॅक्टरवर पप्पा

थांबा, आधी ट्रॅक्टर कसला ते सांगते! शेतातला मोठा नाही हां, बागेतला. एकच सीट, पोटाखाली गवत कापायची पाती, आणि दोरी ओढली की चालू होणारा. म्हणजे व्हायला हवा होता. सुरतेजवळ इच्छापोरच्या ज्या फॅक्टरीत पप्पा मेंटेनन्सला होते, तिथल्या लॉनमागच्या शेडमध्ये तो कित्येक वर्षं पडून होता. जुना, परदेशी, लाल रंग उडून पार गुलाबी झालेला.

साहेब पप्पांना म्हणाले, "रविवारी भंगारवाला येतोय. त्याच्या आधी चालू करून दाखवा, मग तुमचा!"

पप्पा घरी आले ते उड्या मारायचेच बाकी! कारण सांगू? पप्पांनी जन्मात कधी काही चालवलंच नव्हतं. आधी उधन्याला लूम फिटर, म्हणजे कापडाचे माग दुरुस्त करणारे, मग ही फॅक्टरी. त्यांची सगळी मशीनं जमिनीला बोल्ट मारून एका जागी उभी. सायकलवरून एकदा पडले, ते परत बसलेच नाहीत. घरात चालवणारा एकच, काका, लिंबायतमध्ये रिक्षा होती त्याची. आणि तो काय सोडतो!

"भाऊ, त्याला स्टिअरिंग असतं बरं का. हाऊ काय माग शे?"

"तू ये फक्त. हात काळे करायला."

दिवाळीची सुट्टी होती, मी अकरावीत, मीपण रिक्षात घुसले. आईने भाकरी-ठेचा बांधून दिला.

पप्पांची पद्धत लूमवालीच. आधी पाना नाही, आधी कान! इंजिनची पुली हाताने फिरवायची आणि ऐकायचं. पण पुली हलेचना. पिस्टन जाम. मग प्लग काढून भोकातून रॉकेल ओतलं आणि तसंच ठेवून घरी आलो. मला रात्रभर झोप नाही! दुसऱ्या दिवशी पुली करकरत फिरली, पप्पांनी माझा अंगठा प्लगच्या भोकावर ठेवला आणि दोरी ओढली. फुस्स! आतल्या हवेने अंगठा उडवला! "दम आहे यात," पप्पा म्हणाले, आणि मी शेडभर नाचले.

बेल्ट सडला होता, तर उधन्याच्या दोस्ताकडून लूमच्या मोटरचा जुना बेल्ट आणला, तो फिट्ट बसला! ठिणगी पाडणारे पॉइंट घासले. कार्बोरेटर खोलून पेट्रोलने धुतला, आणि पप्पांनी एकेक भाग वेस्टने, म्हणजे मागावरच्या टाकाऊ धाग्यांच्या गोळ्याने, पुसून चकचकीत केला. उधन्यात सगळे त्यानेच पुसतात. मशीन, हात, चष्मासुद्धा.

शनिवारी दोरी ओढली. भडभडभडभड... आणि बंद. परत ओढली. भडभड... बंद.

"नवरी माप ओलांडते आणि परत माहेरी पळते," काका म्हणाला. पप्पा हसले नाहीत.

रविवारी आम्ही पोचलो तर गेटवर भंगारवाल्याचा टेम्पो उभा! साहेब त्याला म्हणाले, "आधी बाकीचा माल भर." तेवढाच वेळ होता. पप्पांचा चेहरा बघवत नव्हता. मी म्हटलं, पप्पा, कार्बोरेटर परत खोलू या ना. त्यांनी खोलला, आणि आतला, पेट्रोल जायचा तो बारीक भोकाचा जेट मी उजेडात धरला. आता हे बघा, मी आणि आई घरी साड्यांचे धागे कापायचो, पोत्याने साड्या यायच्या. डोळ्याला दुसरं काही दिसायचंच नाही!

"पप्पा! धागा!"

भोकात पिवळा पॉलिस्टरचा एक तंतू बसला होता. पेट्रोलमध्ये तो थोडाच विरघळणार! केसातल्या पिनेने ओढून काढला. पप्पांनी हातातल्या वेस्टच्या गोळ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"लूम मी सोडली, पण धाग्याने काही मला सोडलं नाही!"

जोडला. ओढली. भडभडभडभडभड... आणि चालूच! चालूच! "चालू थई गयुं!" वॉचमन ओरडला. साहेब चहाचा कप घेऊन बाहेर आले. काका म्हणाला, "भाऊ, उतर, मी दाखवतो कसा चालवायचा," पण पप्पा सीटवर बसलेलेसुद्धा होते आणि निघालेसुद्धा!

एक कुंडी गेली. पप्पा लॉनभर गोल गोल, आणि काका मागे पळतोय.

"भाऊ, थांबव! ब्रेक दाब, ब्रेक!"

"कशाला?"

पेट्रोल संपलं तेव्हाच थांबला, तोही नेमका टेम्पोच्या शेजारी. भंगारवाला हसत म्हणाला, "चढवू का मग?"

"हात लावून तर बघ!"

साहेबांनी हसून मान डोलावली. संध्याकाळी काकाने ट्रॅक्टर दोराने रिक्षाला बांधला आणि हळूहळू घरी, लिंबायतपर्यंत ओढत आणला. मी रिक्षात उलटी बसून मागे ट्रॅक्टरवरच्या पप्पांकडे बघत होते. रस्ताभर लोक हात करत होते आणि पप्पा कोणाकडे बघतील तर शपथ! नजर समोर, दोन्ही हात स्टिअरिंगवर.